शाळेत राजकीय माहितीपट दाखवावा का? शिक्षक-पालकांचे नेहमीचे प्रश्न

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलात मी बावीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते आहे. वर्षातून तीन-चार वेळा नववी-दहावीच्या वर्गात माहितीपट लावते आणि पुढचे पंधरा दिवस उत्तरं देत फिरते. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत, गेटवर, बाजारात नारळ घेताना, एकदा तर लग्नाच्या पंगतीत. फिरून फिरून तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचे लिहून काढले. उत्तरं माझी आहेत, शाळेची समजू नयेत.

राजकीय माहितीपट म्हणजे कुठला? पक्षाच्या प्रचाराचा का?

प्रचाराची फिल्म ओळखायला सोपी, तिच्यात झेंडा असतो. डोकेदुखी असते ती बिनझेंड्याच्या फिल्मची. म्हादई नदीचं पाणी, खाणी, कुळांचे आणि मुंडकारांचे (जमीनदाराच्या जागेत घर करून राहणाऱ्यांचे) हक्क, शिक्षणाचं माध्यम, जनमत कौल, मुक्तिलढा. यातल्या कुठल्याही विषयावर गोव्यात कॅमेरा लावा, तो कुणाच्या ना कुणाच्या अंगणातच उभा राहतो. मी या सगळ्यांना राजकीय धरते.

आपल्या शब्दाचीही गंमत आहे. 'माहितीपट' म्हटलं की आत नुसती माहिती असणार, असं आपण धरून चालतो. जुना 'अनुबोधपट' हा शब्द जास्त प्रामाणिक होता. बोध करायला आलोय, हे तो दारातच सांगायचा. १९४८ साली सरकारने फिल्म्स डिव्हिजन काढली आणि पुढे कित्येक वर्षं थिएटरात मुख्य सिनेमाआधी तिची रिळं दाखवावीच लागत. माझे वडील सांगायचे, तेवढा वेळ लोक बाहेर बिड्या ओढत उभे असत. धरणं, पोलादाचे कारखाने, कुटुंबनियोजन. त्या रिळांना कुणी राजकीय म्हटलं नाही. पण धरणाखाली कुणाचं गाव गेलं ते त्यात क्वचितच दिसायचं. आपल्याकडे साळावली धरणाच्या पाण्याखाली कुर्डी गेलं, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी. मे महिन्यात पाणी ओसरलं की तिथली माणसं अजून सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. साळावलीवर फिल्म करताना कॅमेरा भिंतीवर ठेवायचा की देवळापाशी, एवढं ठरवलं की राजकारण सुरू झालंच.

पण शाळेत राजकारण हवंच कशाला, टीचर?

हे वाक्य मला सगळ्यांत जास्त वेळा ऐकवलंय ते स्वतः पंच किंवा सरपंच असलेल्या पालकांनी.

मुलं अठराव्या वर्षी मतदान करणार. त्याआधी चार वर्षं त्यांना विधानसभेची सदस्यसंख्या पाठ करायला लावायची आणि विधानसभेत भांडण कशावरून होतं ते मात्र सांगायचं नाही, हे मला जमत नाही. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा आठवीपर्यंतच्या मुलांसाठी आहे. त्याच्या २९व्या कलमात लिहिलंय की मुलाला भीती आणि दडपणापासून मुक्त ठेवावं आणि मोकळेपणी मत मांडायला मदत करावी. मत मांडायचं तर मतभेदाचा विषय लागतो.

आणि मुलं काही कोरी येत नाहीत. हातात मोबाईल आहे. चाळीस सेकंदांच्या रीलमध्ये ढोलताशे लावून कुणी तरी त्यांना इतिहास सांगतच असतो. फक्त तो शाळेबाहेर सांगतो, त्यामुळे त्याला उलट प्रश्न विचारायला कुणी नसतं.

मग पाठ्यपुस्तक पुरे नाही का? ते तरी तटस्थ असतं.

असतं का? २०१२ साली एनसीईआरटीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातल्या एका जुन्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. १९४९ सालचं, शंकर यांनी काढलेलं, राज्यघटना रखडल्याबद्दलचं ते चित्र, त्यात डॉ. आंबेडकर होते. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पुस्तकावरही एवढं होऊ शकतं. फरक इतकाच की पुस्तक वाचताना मूल थांबतं, मागे जातं, समासात मिशा काढतं. फिल्म थांबत नाही. थांबवावी लागते.

पूर्णपणे निःपक्षपाती माहितीपट मिळतच नाही का?

मला बावीस वर्षांत मिळालेला नाही. 'नानूक ऑफ द नॉर्थ' हा १९२२ सालचा माहितीपट या प्रकाराच्या पूर्वजांपैकी एक. उत्तर कॅनडातल्या इन्युइट माणसाचं जगणं त्यात आहे. नायकाचं खरं नाव नानूक नव्हतंच. तिथे तोवर बंदुका आल्या होत्या, तरी दिग्दर्शक रॉबर्ट फ्लॅहर्टींनी त्याला जुन्या पद्धतीने भाल्याने शिकार करायला लावली. बर्फाच्या घरात कॅमेऱ्यापुरता उजेड येईना, म्हणून एका बाजूने उघडंच घर बांधलं. मुलांना हे सांगितलं की ती खदखदून हसतात आणि मग विचारतात, मग ते खोटं का? त्या प्रश्नावर एक अख्खा तास जातो.

मी त्यांना तीन शब्द वेगळे करून देते. कल, वगळणं आणि लबाडी. शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून खाणीचं चित्रीकरण केलं, हा कल. ट्रकवाल्याला काही विचारलंच नाही, हे वगळणं. दहा वर्षांपूर्वीचा पूर यंदाचा म्हणून दाखवला किंवा कुणाचं वाक्य मध्येच कापून उलटा अर्थ काढला, ही लबाडी. पहिल्या दोन्हींबरोबर वर्गात काम करता येतं, खरं तर त्यांच्याबरोबरच करता येतं. लबाडी सापडली तर ती फिल्म विषय शिकवायला घेत नाही. लबाडी कशी करतात ते शिकवायला ठेवून देते.

एकांगी फिल्म दाखवणं कायद्यात बसतं का?

इंग्लंडमध्ये यावर थेट कायदा आहे. १९९६ च्या शिक्षण कायद्याचं ४०६वं कलम म्हणतं की शिकवताना पक्षीय राजकीय मतांचा पुरस्कार होता कामा नये. ४०७वं म्हणतं की राजकीय विषय आला तर विरोधी मतांची समतोल मांडणी व्हावी. २००७ साली त्याची कसोटी लागली. हवामानबदलावरचा, अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांचा 'ॲन इनकन्व्हीनियंट ट्रूथ' सरकारने माध्यमिक शाळांना पाठवायचं ठरवलं आणि केंटमधला एक पालक, धंद्याने लॉरीचालक, उच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती बर्टन यांनी फिल्मचा वैज्ञानिक गाभा बव्हंशी बरोबर ठरवला, पण नऊ ठिकाणी बोट ठेवलं. बर्फ वितळून समुद्र वीस फुटांपर्यंत चढेल, हे जणू उंबऱ्यावर आलेलं संकट म्हणून दाखवलं होतं. तसं झालंच तर हजारो वर्षांनी होईल, असं न्यायालयाने म्हटलं. बंदी घातली नाही. शिक्षकांना सोबत मार्गदर्शक टिपण द्या आणि दाखवा, असा मार्ग निघाला. दोनच दिवसांनी गोर यांना शांततेचं नोबेल जाहीर झालं.

हा किस्सा मी पालकांना सांगते तेव्हा दोन्ही तट खूश होतात. एकाच्या कानात 'नऊ चुका' राहतं, दुसऱ्याच्या कानात 'गाभा बरोबर'. निकाल एकच.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचा १९९२ चा एक निकाल आहे. भोपाळ वायुदुर्घटनेवरचा 'बियाँड जेनोसाइड' दाखवायला दूरदर्शनने नकार दिला होता. सरकारवर टीका आहे एवढ्यावरून तो नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. मला तो निकाल पटतो. पण दूरदर्शनसमोर बसलेला माणूस उठून टीव्ही बंद करू शकतो. नववी 'ब'मधलं मूल घंटा होईपर्यंत माझ्या ताब्यात असतं, बाहेर पाऊस असेल तर मधल्या सुट्टीतसुद्धा. म्हणून दाखवण्याचा हक्क आणि वर्गात दाखवण्याची रीत या दोन गोष्टी मी एकीत मिसळत नाही.

सरकारी शिक्षकाला पक्षीय राजकारणात भाग घेता येत नाही, हे वर्तणूक नियमांत आहेच. अनुदानित शाळेत असाल तर व्यवस्थापनाचे नियमही आधी वाचून घ्या.

दोन्ही बाजूंना समान वेळ दिला की झालं ना?

नाही. आधी मुळात बाजू किती आहेत ते मोजावं. पृथ्वी माणसाच्या उद्योगांमुळे तापते आहे का, याला आता दोन बाजू उरलेल्या नाहीत. मोलेच्या जंगलातून रेल्वेचा दुसरा रूळ न्यावा का, याला आहेत. पहिल्या प्रश्नात 'दुसरी बाजू' म्हणून यूट्यूबवरच्या कुणा बडबड्याला वीस मिनिटं दिली तर तो समतोल नव्हे, ती मुलांची फसवणूक.

कधी कधी बाजू चार असतात. म्हादईत गोवा विरुद्ध कर्नाटक एवढंच आपण बोलतो. लवादाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिलं. तिसरं राज्यही त्यात आहे, हे वर्गातल्या निम्म्या मुलांना पहिल्यांदाच कळतं. आणि जंगल, ज्याच्या वतीने वकीलपत्र कुणाकडे नसतं, ते चौथं.

जर्मनीत १९७६ साली बॉयटेल्सबाख गावच्या एका बैठकीतून तीन सूत्रं निघाली, ती मला सोयीची वाटतात. मुलाला आपल्या मताखाली चिरडायचं नाही. समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्तच ठेवायचं. आणि या सगळ्यात आपलं हित कुठे आहे, हे मुलाला स्वतः तपासता आलं पाहिजे. यात समान मिनिटांचा हिशेब कुठेच नाही.

गोव्याच्या इतिहासावरच्या फिल्म तरी बिनधोक असतील? सगळं होऊन गेलेलं आहे.

मला सगळ्यांत जास्त चटका बसला तो इथेच.

१६ जानेवारीला अस्मिताय दिस. त्या निमित्ताने नववीला जनमत कौलावरची एक छोटी फिल्म लावली. १९६७ साली गोव्याने मत दिलं. महाराष्ट्रात विलीनीकरण हवं असेल तर फूल, वेगळा संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) हवा असेल तर दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मतं पडली, ३४,०२१ मतांनी विलीनीकरण हरलं. फिल्म बरी होती. दोन पानं पडद्यावर आली की बासरी वाजायची, फूल आलं की ढोल. फुलाची भाषणं अंधाऱ्या चित्रांवर, पानांची नारळीच्या बागांवर. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

तास संपल्यावर एक मुलगी टेबलापाशी रेंगाळली. सगळे गेल्यावर म्हणाली, "टीचर, आमचे आजोबा फुलाचे होते. मग आमी गोंयचे दुस्मान?"

माझेही वडील फुलाचेच. हे मी वर्गात कधी बोलले नव्हते, आणि त्या क्षणी तिलाही सांगू शकले नाही. उद्या बोलूया, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी फळ्याच्या दोन बाजूंना माणसांची कारणं लिहिली. फुलाकडे: भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवरच्या कुळाला मोठ्या राज्यात आधार मिळेल ही आशा, गावागावांत नव्याने निघालेल्या मराठी शाळा, घरातली पोथी, देवळातलं भजन, उत्सवातलं मराठी नाटक. पानांकडे: गोवा एका मोठ्या राज्याचा एक जिल्हा होऊन जाईल ही भीती, कोंकणी, इथल्या नोकऱ्या, स्वतःची विधानसभा, आणि महाराष्ट्रातल्या तेव्हाच्या दारूबंदीने माडी काढणाऱ्या रेंदेरांचं काय होईल ही चिंता. मुलांनी घरून आणलेली कारणं मग त्यात भरली. एकाचे आजोबा फुलाचे आणि आजी पानांची होती. आजीने ते आजोबांना मरेपर्यंत सांगितलं नाही म्हणे.

मग आम्ही फिल्ममध्ये काय नाही ते शोधलं. फिल्मने मराठी म्हणजे विलीनीकरण असं सरळ समीकरण मांडलं होतं. पण विलीनीकरणाविरुद्ध रान उठवणारं मडगावचं 'राष्ट्रमत' मराठी दैनिक होतं आणि त्यातलं उदय भेंब्रे यांचं गाजलेलं 'ब्रह्मास्त्र' हे सदर मराठीतच निघायचं. कोंकणीच्या बाजूची लढाई मराठी शाईने लढली गेली, हे फिल्मच्या ढोल-बासरीत बसत नव्हतं म्हणून गळलं असावं.

दुसरं म्हणजे शेवट. फिल्म निकालाच्या जल्लोषावर संपते. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने आधीच राजीनामा दिला होता. कौलात त्यांची, म्हणजे विलीनीकरणाची, बाजू हरली. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये निवडणूक झाली तेव्हा त्याच गोव्याने त्यांच्या मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षाला ३० पैकी १६ जागा देऊन भाऊसाहेबांना पुन्हा मुख्यमंत्री केलं. विलीनीकरण नको, पण भाऊसाहेब हवेत. मुलांना विचारलं, ही फिल्म जानेवारीऐवजी एप्रिलमध्ये संपली असती तर? ती मुलगी म्हणाली, "मग आजोबा जिंकले असते." मागच्या बाकावरून आवाज आला, "अर्धेच."

मुक्तिलढ्याच्या फिल्मही अशाच जपून घ्याव्या लागतात. १९ डिसेंबर १९६१ हा आपला मुक्तिदिन. पोर्तुगाल सरकार त्याला आक्रमण म्हणत होतं आणि गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व त्याने मान्य केलं ते १९७४ अखेरीच्या करारात, तिथे क्रांती होऊन गेल्यावर. मी वर्गात मुक्तीच म्हणते, त्यात मला संकोच नाही. पण लिस्बनमध्ये हेच चित्रण दाखवताना निवेदक कुठला शब्द वापरत असेल, हे मुलांना विचारते.

फिल्ममधला खलनायक म्हणजे मुलाच्या घरचा धंदाच असेल तर?

मग थांबा, आणि आधी वर्ग कुणाचा आहे ते पाहा. मी पाहिलं नव्हतं.

५ ऑक्टोबर २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातल्या खाणी थांबल्या. पुढच्या वर्षी मी खाणींवरची एक फिल्म लावली. लाल गाळाने भरलेली शेतं, आटलेल्या विहिरी, धूळ. एक शब्द खोटा नव्हता. मधेच पाहिलं तर तिसऱ्या बाकावरच्या मुलाने डोकं बाकावर टेकवलंय. वाटलं झोपला. शेजारचा हळूच म्हणाला, "टीचर, काल त्यांचा ट्रक बँकेने नेला."

आमच्या भागात 'खाण अवलंबित' हा शब्द वर्तमानपत्रात रोज यायचा. माझ्या वर्गात तो अठ्ठावीस नावांनी बसला होता आणि मी त्यांना दीड तास त्यांच्या बापाचे गुन्हे दाखवले. फिल्ममध्ये खाणमालकाचा बंगला होता, ट्रकचालक मात्र नुसता धूळ उडवत जाणारा. त्याच्या हप्त्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही.

२०१४ साली न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली. २०१८ मध्ये ८८ लीज रद्द झाल्या आणि पुन्हा सगळं थांबलं. त्या वर्षी मी तीच फिल्म पुन्हा लावली, पण तयारी करून. आठवडाभर आधी मुलांनी नाव न घालता चिठ्ठ्या दिल्या, घरात खाणीशी कुणाचा काय संबंध. फिल्मनंतर दोन पाहुणे बोलावले, एक भातशेती करणारी बाई आणि एक ट्रकमालक. मला वाटलं होतं, जुंपेल. ट्रकमालक आधी काहीच बोलेना. मग म्हणाला, "माझ्याही शेतात तोच चिखल आहे, टीचर. तिथं पिकेना म्हणून तर ट्रक घेतला." बाईंनी मान हलवली, त्यांचा थोरला मुलगा खाणीवर सुपरवायझर होता. दोन बाजू म्हणून आणलेली माणसं एकाच बांधावरची निघाली.

शिक्षकाने स्वतःचं मत सांगावं का?

विचारल्याशिवाय नाही, आणि विचारलं तर चर्चा झाल्यावर. लपवूनही फार उपयोग नसतो. कुठल्या वाक्याला टीचर मान डोलावते, हे पहिल्या बाकावरच्या मुलींना पाठ असतं. म्हणून फिल्म चालू असताना मी मागे जाऊन उभी राहते. निबंध तपासताना माझ्या विरुद्ध मताचा निबंध आला की तो दोनदा वाचते, कारण पहिल्या वाचनात माझा लाल पेन जरा जास्त चालतो.

वर्गात नेमकं दाखवायचं कसं?

तास ४० मिनिटांचा. त्यात फिल्म पंधरा मिनिटांच्या वर नको, जोडतास मिळाला तर पंचवीस.

पहिली दोन मिनिटं आवाज बंद करून लावावी. काय दिसलं तेवढंच मुलांनी लिहायचं. मग तीच दोन मिनिटं आवाजासकट. "आधी बाई भात झोडपत होती, आता ती रडवेली वाटते," असं एका मुलाने लिहिलं होतं. बाई तीच, झोडपणं तेच, फक्त मागे सारंगी आली होती. शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह यांनी हाच खेळ केला होता. नटाचा एकच निर्विकार चेहरा, त्याला कधी सूपची बशी जोडली, कधी शवपेटी. प्रेक्षकांना त्या चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख. आम्ही तो मोबाईलवर करतो. शिपाईमामांचा चेहरा, मग वडापाव. मग तोच चेहरा आणि गुणपत्रिका. शिपाईमामा आता दरवर्षी स्वतःहून विचारतात, यंदा कधी?

दुसरं काम मोजणीचं. एका गटाकडे घड्याळ, कोण किती सेकंद बोललं. दुसऱ्या गटाने नावं टिपायची. पडद्याच्या तळाशी तज्ज्ञाचं नाव येतं, हुद्दा येतो, संस्था येते. शेतातल्या बाईखाली 'ग्रामस्थ' येतं. हा फरक दाखवून द्यावा लागत नाही, मुलं तोंड वाकडं करून स्वतःच सांगतात. तिसऱ्या गटाकडे शेवटची नामावली. पैसे कुणाचे? बहुतेक शिक्षक नामावली आली की दिवे लावतात. माझ्या मते ती फिल्मची सगळ्यांत प्रामाणिक दोन मिनिटं असतात.

आम्ही याला 'उलटतपासणी' म्हणतो. फिल्म साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, वर्ग वकिलांचा. साक्षीदार खोटारडाच आहे असं धरायचं नाही, पण त्याने न सांगितलेलंही विचारायचं.

एक कबुली द्यायला हवी. दीड तासाच्या फिल्ममधली पंधरा मिनिटं मी निवडते, तेव्हा पक्षपात माझाही होतो. म्हणून उरलेल्या भागात काय आहे ते फळ्यावर लिहून ठेवते आणि ज्याला पूर्ण पाहायची आहे त्याला शनिवारी संगणक कक्षात बसू देते. पाच-सहा मुलं येतात. दोन पंख्यासाठी.

कितवीपासून दाखवावं?

माझ्या अनुभवात आठवीच्या आधी नको. लहान मुलांना एकच प्रश्न असतो, चांगला कोण नि वाईट कोण. मृतदेह, मारहाण, जाळपोळ असलेला भाग मी दहावीलाही आधी सांगितल्याशिवाय लावत नाही.

प्रमाणपत्र आणि कॉपीराइटचं काय?

२०२३ च्या दुरुस्तीनंतर सेन्सॉर मंडळाच्या यूए प्रमाणपत्रात ७, १३ आणि १६ अशा वयाच्या पायऱ्या आल्या आहेत. त्या पाहाव्या. यूट्यूबवरच्या कित्येक फिल्मना प्रमाणपत्रच नसतं, तेव्हा आदल्या रात्री शेवटपर्यंत स्वतः पाहणं हाच उपाय. शेवटपर्यंत म्हणजे शेवटपर्यंत. कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात शाळेच्या कामकाजाचा भाग म्हणून फिल्म दाखवायला मुभा आहे, पण प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेच्या कामाशी संबंधित एवढेच असावेत. गावाला बोलावून सभागृहात तिकीट लावलंत तर ती सवलत गेली.

आमच्या मुलाला दाखवू नका, असं पालकांनी कळवलं तर?

दाखवत नाही. मूल ग्रंथालयात बसतं, त्याला त्याच विषयावरची दोन कात्रणं देते. वाद घालून काही मिळत नाही. तो पालक पुढच्या वेळी चिठ्ठीऐवजी भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. मात्र एक करते, पालकांना फिल्म आधी पाहायला बोलावते. येतात थोडे. आलेल्यांपैकी बरेच जण चिठ्ठी मागे घेतात, एकाने पाहिल्यावर आणखी कडक चिठ्ठी लिहिली. तोही त्यांचा हक्कच.

कुणी बड्या माणसाने पेन ड्राइव्ह आणून दिला, किंवा वरून दाखवा म्हणून आलं तर?

पेन ड्राइव्ह मुख्याध्यापकांच्या टेबलावर. लेखी मागा. तोंडी निरोपावर फिल्म लावायची नाही, मग तो कुठल्याही रंगाचा असो. लेखी परिपत्रक आलं तर दाखवावं लागतं, पण उलटतपासणी करू नका असं परिपत्रकात कधी लिहिलेलं नसतं.

निवडणुकीच्या दिवसांत?

अजिबात नाही. आचारसंहिता लागली की प्रोजेक्टर कपाटात. तसेही तेव्हा निम्मे शिक्षक निवडणूक ड्युटीवर आणि आमचा वर्ग मतदान केंद्र असतो.

माझी मुलगी आता घरी माझ्याशीच वाद घालते. हे तुम्ही शिकवलंत?

थोडंसं, हो. गेल्या वर्षी एक वडील हेच विचारायला गेटवर थांबले होते. रात्री जेवताना बातम्या चालल्या होत्या, मुलीने रिमोट घेऊन आवाज बंद केला आणि विचारलं, "पप्पा, या पूरग्रस्त बाईचं नाव का नाही दिलं? मंत्र्याचं तर दोनदा दिलं." आमटी निवली, भाऊ चिडला. मी म्हटलं, मग तुम्ही काय उत्तर दिलंत? म्हणाले, "तेच तर तुम्हाला विचारायला आलोय."

गेटवर उभ्यानेच अर्धा तास गेला. मग त्यांना पुढच्या फिल्मला बोलावलं. पालकांसाठी वर्गात मागे सहा खुर्च्या ठेवते, त्यातल्या एकीचा पाय हलतो. यायचं असेल तर आदल्या दिवशी कळवावं.